समुद्री शेवाळाचा चिवडा अन् फुलसिंगची म्हस

दिग्रस, रविवार

प्रिय रहमत,

सलाम अन् नमस्कार, दोन्ही घे. तुह्या गुडघ्याले आता आराम असंल, अमिनाभाभीचं बीपी ताब्यात असंल, अन् आसिम राळेगावचं गॅरेज तुले न विचारता नीट चालवत असंल (हे तुले आवडत नाही, मले माहीत हाये), अशी आशा करतो.

इकडं घरी पाहुण्या होत्या. तुह्या रजनीवहिनीच्या चिवड्याची कीर्ती कुठून पोचली कोण जाणे, पण मालवणाकडच्या सहा बाया तिच्याजवळ आठ दिवस शिकाले आल्या. सोबत वाळवलेल्या समुद्री शेवाळाची दोन पोती. ते त्या कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून, दोरांवर स्वतः पिकवतात. (आपल्याले विहिरीतलं शेवाळ माहीत, ज्याच्यावरून पाय घसरते.) त्याचा चिवडा करून आपल्या आठवडी बाजारात खपला, तरच त्यांची संस्था त्यांना गावी शेड बांधून देणार, असं ठरलेलं.

मी मदत म्हणून एक पोतं अंगणात चादरीवर पसरलं अन् पेपर वाचत बसलो. शेजारच्या फुलसिंगची म्हस दावं तोडून आली अन् माहा अग्रलेख वाचून होईस्तोवर तिनं चादर साफ केली. पस्तीस वर्षं कचेरीत एक फाईल हरवली नाही रे माह्या हातून! बायांची म्होरकी नयनताई, पन्नाशीची, काटक. तिच्यापुढं मान खाली घालून उभा राह्यलो. ती रिकाम्या चादरीकडं पाहत राह्यली, मग म्हणाली, "दर्यान चार वेळा नेल्यान, म्हशीन एकदाच खाल्ल्यान. म्हशीची दया मोठी." वादळात सगळे दोर वाहून गेले की ह्या बाया पुढच्या ओहोटीले नवे दोर घेऊन पुन्हा पाण्यात उतरतात. अन् मी, पुसदले बदली झाली तवा आठ दिवस नीट जेवलो नव्हतो.

शेवाळ पुरेना, म्हणून नयनताईनंच भाजलेलं सोयाबीन मिसळायचं काढलं. रजनीनं तिखट-कढीपत्ता जमवला. शिकवणारी कोण अन् शिकणारी कोण, काही समजेना. बाजारात मात्र सकाळभर कोणी फिरकेना. गवत विकून राह्यल्या म्हणत लोक पुढं जात. मग नयनताईनं फुलसिंगले बोलावलं अन् म्हशीनं काय केलं ते सांगाले लावलं. तो बिचारा शरमून सांगे, लोक हसत, अन् हसणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर ती चिमूटभर चिवडा ठेवे. दुपारपर्यंत टोपल्या रिकाम्या. संध्याकाळी शेडचा होकार फोनवर आला, तवा ती पदरानं तोंड पुसत बसली. मी दुसरीकडं पाह्यलं. असं माणूस मी जन्मात पाह्यलं नव्हतं.

तुहा,
मधुसूदन

ता. क. : सोबत चिवड्याचं पाकीट हाये. चव कशी ते लगेच कळव. मी अजून खाल्लेला नाही, हिंमत झाली नाही. रजनीले बोलू नको.

आणखी ता. क. : मुद्दा राह्यलाच. नयनताईनं दोर पाहाले गावी बोलावलं. त्रेसष्ट वर्षांत अरुणावतीच्या धरणाहून मोठं पाणी मी पाह्यलं नाही. रजनी एकट्याले जाऊ देत नाही, तवा तू चल. तुले पोहता येते, असं मी तिले सांगून टाकलं हाये.