तो हात माझा होता, अप्पा

अप्पा,

‘प्रिय’ लिहायला गेले आणि थांबले. ‘तीर्थरूप’ तर आज लिहवणारच नाही. रागावू नका. आज रागवायची पाळी माझी आहे.

आता का लिहायला बसले? गेल्या आठवड्यात न्यूझीलंडच्या सुर्व्यांचा फोन आला होता, मंगेशने तिकडे असताना दिलेल्या माझ्या नंबरवर. तेच, दोन वर्षांपूर्वी पेणला आपल्या गणपतीच्या कारखान्यात आले होते ते. त्यांच्या मराठी मंडळाला पुन्हा कारागीर हवाय. बाहेरची माती त्या देशात येऊ देत नाहीत, म्हणून मूर्ती तिथेच घडवायच्या आणि तिथेच रंगवायच्या. चार-पाच महिन्यांचं तात्पुरतं वर्क परमिट. “मंगेशऐवजी दुसरं कोणी आहे का तुमच्याकडे, डोळ्यांची चांगली आखणी करणारं?” त्यांनी विचारलं. “मी आहे,” म्हटलं मी. बोलून गेले आणि लगेच अर्जाला काय काय लागतं ते विचारून घेतलं.

अर्जाला अनुभवाचा दाखला लागतो. जिथे काम केलं तिथल्या मालकाने लिहून द्यायचा. सोबत काम करतानाचे फोटो. अप्पा, कारखान्यातला माझा एक तरी फोटो आहे का हो? एक तरी?

असणार कसा! गणपतीचे डोळे आखायचे ते मालकाने, दार लावून, एकट्याने. फोटो नाही, बोलणं नाही. हा तुमचा नेम सगळ्या पेणला ठाऊक होता. “आखणी अप्पांच्या हातची हाय ना?” असं विचारूनच गिऱ्हाईक मूर्ती ठरवायचं. तुमचा हात थरथरायला लागला, तेव्हापासून दाराआड मी बसायला लागले आणि तुम्ही मागच्या पडवीत विड्या ओढत बसायला लागलात. मी रोह्याहून सकाळच्या एसटीने यायची, संध्याकाळच्या एसटीने सासरी परतायची. लोकांना वाटायचं, लेक बापाला शाडू भिजवून द्यायला येते.

त्याचं मला कधी काही वाटलं नाही. खरंच नाही. तुमचं नाव ते माझंच, असं धरून चालले होते मी. केवढी वेडी!

सुर्वे आले तो दिवस आठवतो तुम्हाला? मी आत ब्रश घेऊन बसले होते, दार जेमतेम लोटलेलं. बाहेर ते एका मूर्तीपुढे बराच वेळ उभे होते. म्हणाले, “अप्पा, ही नजर! असं वाटतं, आपण सांगतोय ते हा ऐकतोय. हा हात आम्हाला तिकडे न्यायचाय. कोणाचा आहे?”

वाटलं, आता तुम्ही हाक माराल. “वैशे, भायेर ये गो,” म्हणाल. मी पदराला हातसुद्धा पुसून घेतले.

“मुलाचा हाय,” तुम्ही म्हणालात. “माझ्या मंगेशचा.”

एका दमात म्हणालात हो! अडखळलातसुद्धा नाहीत. स्वतःचा म्हणाला असतात तर तिकडे जाऊन आखावं लागलं असतं, ते कळतं मला; पण मंगेशचा? मंगेशने साच्याचं काम करावं, मूर्ती सुकवाव्यात, टेम्पोत भराव्यात. त्यात त्याला तोड नाही. पण डोळा? त्याने आखलेला गणपती कायम दचकल्यासारखा दिसायचा, हे तुम्हीच हसत हसत सांगायचात ना?

सुर्वे गेल्यावर मी दार उघडून तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्ही विडी विझवलीत आणि म्हणालात, “यष्टी चुकंल तुजी. नीघ आता.”

एवढंच. मग दाखला तुम्हीच दिलात, सही तुमची, आणि मंगेश विमानात बसला.

त्याहून वाईट तर पुढेच होतं. मी रोह्याला घरी वालाचं बिरडं सोलत बसले होते, आमचे हे कंपनीत शिफ्टला. तुमचा फोन. “वैशे, बाय माजी, मंग्याला डोलं जमत नायत गो. लोक नावं ठेवतात. तू मोबाईलवर दाखव त्याला.” आणि मी दाखवलं, अप्पा! बिरड्याचं ताट बाजूला सारून कागदावर रेघा मारून दाखवल्या. वरची पापणी श्वास धरून एकाच ओढीत घ्यायची. बुबुळ खालच्या पापणीला जरासं टेकवायचं, म्हणजे समोर बसलेल्यावर नजर पडते. माझ्याच जागी गेलेल्या माणसाला मी माझं काम शिकवत होते. मोबाईलच्या कोपऱ्यातल्या चौकोनात तुम्ही मान डोलवत होतात. त्या वेळी तरी काही वाटलं का तुम्हाला?

हे सगळं मला शिकवलंत तुम्हीच ना? तडकलेल्या मूर्ती माझ्यापुढे ठेवून, माझं मनगट धरून. बारा वर्षांची होते मी. रेघ चुकली की ओल्या फडक्याने पुसायचात आणि म्हणायचात, “परत.” कधी आवाज चढवला नाहीत. इतक्या मायेने शिकवायचं आणि मग लपवून ठेवायचं, हे कसं जमलं तुम्हाला? बाईने आखलेला गणपती लोक नेणार नाहीत, ही भीती होती? की लेक परक्याची आणि लेक जाईल तसं नावही जाईल, असं वाटलं? की तुमचा हात थरथरतो हे कोणाला कळू नये, एवढंच होतं?

तुम्ही गेलात आणि कारखाना मंगेशच्या नावावर झाला. परवा त्याच्याकडे गेले दाखला मागायला. तो वाईट नाही, चहा केला, स्टूल पुसून दिलं. म्हणाला, “ताय, देतो ना. रंगकामाला मदतनीस म्हनून देतो.”

“मदतनिसाला कोण परमिट देईल रे? आखणीचं लिही.”

“ते लिवलं तर मी खोटा ठरंन. परत कदी कुठं जाता येनार नाय मला.” मग खाली बघत म्हणाला, “आनि अप्पांचं काय? गेलेल्या मानसाला खोटं पाडतेस?”

मी चहा तसाच ठेवून उठले. गेलेल्या माणसाने जित्या लेकीला खोटं पाडलं, त्याचं कोणी काही विचारत नाही!

उद्या दुपारी सुर्व्यांचा व्हिडिओ कॉल आहे. मी सांगणार आहे त्यांना, माझे वडील तुमच्याशी खोटं बोलले. तो हात माझा होता. माझ्याकडे दाखला नाही, फोटो नाही, पण मूर्ती समोर ठेवून आत्ता आखून दाखवते. परमिट मिळेल की नाही, देव जाणे. मंगेश बोलणं टाकेल. माहेराचा उंबरा मला बंद होईल. पेणात तुमच्या नावाची चर्चा होईल, आणि ती ऐकताना मलाच रडू येईल, हेही मला ठाऊक आहे.

एक वचन देते, अप्पा. तुमच्या बाजूने यापुढे एकही खोटं बोलणार नाही, आणि तुमच्याविरुद्धही नाही. हात कोणाचा असं विचारलं, तर माझा म्हणेन. शिकवलं कोणी असं विचारलं, तर तुमचं नाव सांगेन, मान वर करून सांगेन. आणि बापाने असं का केलं, असं विचारलं तर गप्प बसेन. कारण ते तुम्ही मला कधी सांगितलंच नाहीत.

तुमची लेक,
वैशाली