नऊ खोर्दादची परीक्षा

२६ फर्वर्दीन, मंगळवार

माझ्या सेविलच्या शाळेतल्या शहलाबाई आज पुन्हा येऊन गेल्या. फिरोजाबादहून डांबरी रस्त्यापर्यंत भाड्याच्या गाडीने, तिथून आमच्या तंबूपर्यंत पायी – त्या शहरी बुटांत! ताक पुढे केलं तर म्हणाल्या, आधी बोलू द्या. आणि बोलल्या त्या आगांशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांशी. नौजर बापाच्या शेजारी मांडी घालून बसला होता. नवरा माझा एरवी डोंगर दणाणून सोडतो, पण वडील समोर असले की तोंडात गुळणी धरल्यासारखा बसतो.

बाईंचं म्हणणं साधं होतं. सेविल सहावीत पहिली आहे. शिराजच्या मुलींच्या वसतिशाळेची प्रवेश परीक्षा नऊ खोर्दादला, म्हणजे मधला ओर्दिबेहेश्त महिना उलटल्यावर, शुक्रवारी सकाळी आठला, फिरोजाबादेत. आमच्यासारख्या फिरत्या लोकांच्या मुलींसाठी अकरा जागा. परीक्षेला ती बसली की जागा मिळालीच समजा, म्हणाल्या. यंदा तुम्ही लवकर डोंगराकडे निघालात, तरी तोवर पोरीला गावात तावूसकडे ठेवा. (तावूस माझी नणंद. पक्कं घर, एक खोली रिकामीच असते.) परीक्षा झाली की मी स्वतः वर डोंगरात आणून सोडते, असंही म्हणाल्या.

सेविल तंबूच्या दोराशी उभी राहून ऐकत होती. बारा वर्षांची पोर, पण उभी राहते माझ्या सासूसारखी – एक हात कमरेवर.

आगांनी सगळं ऐकून घेतलं. दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, बघू.

ताक शेवटी बाई प्यायल्या. दोन वाट्या.

२८ फर्वर्दीन

ठरलं. सगळं बिऱ्हाड पायी निघणार. सेविलसुद्धा.

दर वर्षी कळप घेऊन पुरुष पुढे जातात आणि आम्ही बायका-मुलं शाळेला सुट्टी लागल्यावर ट्रकने मागून. यंदा पाऊस नाही. शेळ्या नुसती माती चाटतात. ट्रकची वाट बघत इथे बसलो तर अर्धा कळप इथेच पुरावा लागेल. शिवाय आगांच्या मनात आणखी एक आहे. खालच्या मैदानात शेतकऱ्यांनी आमच्या वाटेवर तारा ठोकायला सुरुवात केली आहे. पुढच्या वर्षी वाट राहील की नाही कोण जाणे. एकदा तरी सगळ्यांनी मिळून पायी जायचं, पोरांच्या पायांना वाट ठाऊक असली पाहिजे, असं ते हिवाळाभर म्हणत होते.

आगांचं ठरलं की ठरलं. त्यांच्यापुढे बोलायची कोणाची टाप आहे?

सेविल जेवली नाही. मला म्हणाली, "तू काहीच बोलली नाहीस?"

मी म्हटलं, "आजोबांनी ठरवलं, बाळ. माझ्या हातात काय आहे?"

३० फर्वर्दीन

शाळेत जाऊन सेविलचं नाव थांबवून आले. कागदावर कारण लिहायचं होतं. मी लिहिलं – कुटुंबाचा प्रवास. शहलाबाईंनी ते वाचलं आणि हसल्या, ते हसणं चांगलं नव्हतं.

"सनोबर खानम, तुम्ही स्वतः तंबूच्या शाळेत पाचवीपर्यंत शिकलात. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे तुमचं. तुम्ही तरी म्हाताऱ्याशी भांडायचं होतं."

मी म्हटलं, मी सून आहे. सून म्हटलं की आमच्याकडे सगळे प्रश्न संपतात, फार सोयीचा शब्द आहे.

येताना सेविल माझ्या दहा पावलं पुढे चालत होती. मागे वळून पाहिलं नाही. बाईंनी दिलेली गणिताची जाड पुस्तकं ओढणीत बांधून पाठीवर घेतली होती. मी घेते म्हटलं, तर म्हणाली, "राहू दे. तुला दमायला होईल." मोठ्या माणसासारखं.

३१ फर्वर्दीन, रविवार

निघालो.

५ ओर्दिबेहेश्त

पाय सुजले. ट्रकने माज चढवला होता आम्हाला! पहिल्या दिवशी नौजरची चुलती गाढवावर बसून गाणी म्हणत होती. आता गाढवही गप्प आणि चुलतीही.

सेविल चालता चालता पुस्तक उघडून वाचते. काल एका दगडाला अडखळून पडली, गुडघा फुटला. उठली, पान शोधलं आणि पुन्हा चालू लागली. मला बघवेना.

आगांशी ती बोलत नाही. सलामसुद्धा नाही. आगांनी आज नुकतं जन्मलेलं कोकरू तिच्या हातात दिलं – घे, हे तुझं, तूच सांभाळ. एरवी पोरीने जीव टाकला असता. तिने ते हळूच जमिनीवर ठेवलं आणि निघून गेली. कोकरू तिच्या मागे धावलं, मग आईकडे गेलं.

नौजर उठला होता तिला धरायला. आगा म्हणाले, "बस खाली. रागावू दे तिला. माझी पाठ रुंद आहे."

९ ओर्दिबेहेश्त

दोन शेळ्या काहीतरी विषारी खाऊन मेल्या. आज दुसरं काही लिहावंसं वाटत नाही.

१४ ओर्दिबेहेश्त

टेकडीवर चढले तर फोनला रेघ आली. माहपरीला लावला. माहपरी माझी धाकटी बहीण. अशीच सहावीनंतर वसतिशाळेत गेली. आईने तिला पाठवताना माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, शिकून परत येईल. आता इस्फहानमध्ये असते. नवरा इंजिनियर, घरात उंच खुर्च्या. दोन वर्षांनी एकदा येते. आल्यावर गालिच्याच्या काठावर बसते, पाहुणीसारखी. चुलीचा धूर डोळ्यांत गेला की उठून बाहेर जाते. आई वारली तेव्हा तिसऱ्या दिवशी पोचली.

तिच्यात वाईट काही नाही. दर ईदला कपडे पाठवते. पण तिच्याशी बोलताना मी आमचे शब्द सोडून शहरी शब्द वापरते आणि फोन ठेवल्यावर माझा मलाच राग येतो.

सेविलचं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, तुझ्या सासऱ्याला कशाला दोष देतेस? तुलाच नको असेल. मी जशी गेले तशी ती जाईल म्हणून."

उचलली जीभ लावली टाळ्याला! तिला काय माहीत इथे काय चालतं? मी म्हटलं, रेघ जातेय, आणि फोन बंद केला. रेघ चांगली तीन-तीन होती.

१५ ओर्दिबेहेश्त

सेविलने रोटी भाजली आज. एकही करपली नाही. माझ्या शेजारी तव्यापाशी बसली होती, पीठ लागलेल्या हाताने केस मागे सारत होती. सगळी संध्याकाळ एक शब्द बोलली नाही, तरी मला बरं वाटलं. असं बरं वाटणं हे पापच आहे.

१९ ओर्दिबेहेश्त, शुक्रवार

डांबरी रस्ता ओलांडला. ट्रकवाले भोंगे वाजवत होते, एक जण खिडकीतून ओरडला – अजून आहात होय तुम्ही लोक! शेवटची मेंढी पलीकडे जाईपर्यंत ऊन डोक्यावर आलं.

पलीकडे नौजरचा चुलतभाऊ इयाज निळी पिकअप घेऊन थांबला होता. पीठ, साखर, पाण्याच्या टाक्या घेऊन आला होता. दुपारचा चहा पिऊन परत फिरोजाबादला निघणार, गाडी रिकामीच.

मला कळलं होतं. सेविलला माझ्या आधी कळलं होतं.

सगळे चहाला बसले होते. ती आली आणि आगांच्या समोर उभी राहिली. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"आजोबा, मला इयाजकाकाबरोबर जाऊ द्या. वीस दिवस आहेत. मी आत्याकडे राहीन. परीक्षा झाली की त्याच दिवशी येईन. नापास झाले तर पुन्हा शाळेचं नाव काढणार नाही."

कोणी चहाचा घोट घेईना. आगांनी पेला खाली ठेवला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं. मी पीठ मळत होते. मग म्हणाले, "नाही."

"का?"

"मी म्हणतो म्हणून."

एवढंच! बारा वर्षांच्या नातीला एवढंच उत्तर. सेविल वळली आणि रस्त्याच्या कडेच्या नाल्यात जाऊन बसली. पिकअप गेल्याचा आवाज ऐकू आला तेव्हाही वर आली नाही. मी तिच्यापाशी गेले. तिने माझ्या मांडीत डोकं खुपसलं आणि रडली, लहानपणी रडायची तशी. म्हणत होती, आई, ते असे का आहेत? मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. हाताला पीठ होतं, तिचा सगळा सदरा पांढरा झाला.

२० ओर्दिबेहेश्त

आगा आज घोड्यावर बसले नाहीत. दिवसभर सगळ्यांच्या मागे एकटे चालत होते. पाणी घेऊन गेले तर घेतलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

२७ ओर्दिबेहेश्त

तारा. कोस-दीड कोस वळसा. शेतकरी फावडं घेऊन उभा. नौजर भांडायला गेला आणि त्याच्याच घरी जेवून आला. लोक वाईट नसतात, पण वाट गेली ती गेली.

सेविल बारीक झाली आहे. पुस्तकं आता उघडत नाही. तेच मला जास्त लागतं. वाचत होती तोवर मला वाटायचं, काहीतरी होईल.

३ खोर्दाद

आजही निघालो तर परीक्षेला पोचू. गावातून गाडी मिळते, सेमिरोमवरून शिराज, शिराजवरून फिरोजाबाद. सकाळी नौजरला म्हटलं. तो गाढवाचं ओझं आवळत होता. म्हणाला, मला काय विचारतेस, आगांना विचार.

आगा पन्नास पावलांवर होते. एकटेच. चिलीम भरत होते.

मी विचारलं नाही. आधी पाणी भरते म्हटलं, मग चूल विझवते म्हटलं, मग निघायची वेळ झाली.

५ खोर्दाद

पोचलो. वरचं गवत गुडघ्याएवढं. शेळ्यांना वेड लागलंय. बायका हसतायत, तंबू उभारतायत, नौजर झऱ्यात डोकं बुडवून ओरडतोय. देना पर्वतावर अजून बर्फ आहे. इथे आलं की दर वर्षी माझा जीव हलका होतो.

यंदा नाही झाला.

९ खोर्दाद, शुक्रवार

सकाळी सेविलने बापाचं घड्याळ मागून घेतलं. झऱ्याच्या वरच्या सपाट दगडावर जाऊन बसली. आठला बसली. समोर वही नाही, पेन नाही, काही नाही. हात मांडीवर. मी दोनदा हाक मारली, ओ दिली नाही. बिऱ्हाडातली धाकटी मुलं तिच्याशी खेळायला गेली, ती परत आली आणि म्हणाली, ताई म्हणते शू, पेपर चालू आहे.

साडेदहाला उठली. घड्याळ बापाला परत दिलं आणि शेळ्यांचं दूध काढायला बसली.

नौजर तंबूमागे जाऊन रडला. लग्नाला चौदा वर्षं झाली, त्याला रडताना आज पहिल्यांदा पाहिलं.

११ खोर्दाद, रविवार

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही.

आगांना सकाळपासून ताप. मी सेविलला म्हटलं, आजोबांना दही नेऊन दे. ती गेली. वाटी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि सगळ्यांसमोर, चुलती, नौजर, शेजारच्या तंबूतले पाहुणे, सगळ्यांसमोर म्हणाली, "खा. पण खुदा करो, या डोंगरातून तुमचं परत खाली उतरणं न होवो."

आमच्यात म्हाताऱ्या माणसाला असं कोणी बोलत नाही. वैरीसुद्धा बोलत नाही. नौजरने तिला मारलं. कधी बोट लावलं नव्हतं, आज मारलं. आगा अंथरुणातून उठून दोघांच्या मध्ये आले. नौजरचा हात धरला आणि म्हणाले, "पोर खरं बोलतेय. तिचं घेतलं मी. मारायचं तर मला मार."

मग दह्याची वाटी उचलली आणि सगळं दही खाल्लं, तिच्या देखत. ती बघत राहिली.

मी तव्यापाशी होते. तिथेच होते.

१२ खोर्दाद

या वहीत २७ फर्वर्दीनचं पान नाही. मी लिहिलंच नाही.

बिऱ्हाड हलायच्या आधी घरातला म्हातारा चुलीचुलीपाशी जाऊन विचारतो – कोण येणार, कोण राहणार. पुरुषांना नाही, बाईला विचारतो, आणि ती सांगेल तसं होतं. त्या संध्याकाळी आगा माझ्या चुलीपाशी आले. म्हणाले, "पोर हुशार आहे, सनोबर. मला वाटतं ठेवावी. पण शब्द तुझा." मी म्हटलं, नको. ती गेली की माहपरीसारखी जाईल, मग माझं कोण उरेल? त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाले, "तर मग माझं नाव सांग. आईवर राग धरून मूल जगत नाही."

त्या दुपारी रस्त्यावरही त्यांनी मलाच विचारलं होतं, डोळ्यांनी. मी पीठ मळत राहिले. म्हाताऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून मी माझ्याच लेकीवर गोळी झाडली आणि या वहीलाही खोटं सांगितलं.

सेविल पाणी आणायला गेली आहे. वही तिच्या उशीवर ठेवते, याच पानावर उघडून.