बारा उंदरांचं पारणं

कोल्हापूर,
२ ऑक्टोबर १९९९

तीर्थस्वरूप तात्यासो मामांस सम्मेदचा जय जिनेंद्र. मामींचे गुडघे आणि तुमचा राग, दोन्ही उतारावर असतील अशी आशा आहे.

पत्र लिहिण्याचं कारण आनंदाचं आहे. तुमचा काढा पास झाला. गल्लीतल्या गुंडूला तो पिऊन तीन दिवस जुलाब झाल्यापासून अख्खी हुपरी तुमच्या दारावरून तोंड चुकवून जाते, हे मला ठाऊक आहे. (गुंडूनं त्याआधी पंधरा मिरची भजी खाल्ली होती, हे कोण सांगणार?) म्हणून तर मी ज्या कॉलेजात उंदरांची देखभाल करतो, तिथल्या सरांच्या पाया पडून तुमच्या काढ्याची चाचणी लावली. बारा पांढरे उंदीर, चौदा दिवस रोज काढा, आणि कुणाला काही झालं नाही तर सरांच्या सहीचा दाखला.

मुहूर्त मात्र पर्युषणाचा निघाला. पहिला काढा पाजण्याआधी उंदीर रात्रभर उपाशी ठेवतात, म्हणून मी पिंजऱ्यावर तशी पाटी लावली. सकाळी माझ्यासाठी दूध घेऊन आक्का आली. पाटी वाचून तिचे डोळे भरून आले. पर्वात धडधाकट माणसांना उपास झेपत नाहीत, आणि हे मुके जीव नुसत्या पाण्यावर! घटकाभरात ती शेजारच्या चिमणाबाईंना घेऊन परत आली. मुगाचं पाणी, दूध-साखर, ओवाळायला निरांजन, सगळं रीतसर. सर आले तेव्हा सातव्या उंदराचं पारणं चाललं होतं, आणि चिमणाबाई सरांनाच म्हणाल्या, "पावणं, चपला भाईर काढा की." सरांनी काढल्या.

चाचणी एक दिवस पुढं गेली. पुढं माझेच एकाआड एक उपास. त्यात एका उंदरानं अंगठा फोडला. तेव्हा काढा पाजायचं काम आक्कानं आपणहून घेतलं. (एवढी दया ती माझ्यावर कधी दाखवत नाही, तेव्हाच शंका यायला हवी होती.) चौदा दिवसांनी वजनं केली, तर एकेक जण इतका गुबगुबीत की पिंजऱ्याच्या दारात अडकतोय. सरांनी काटा पुसून पुन्हा वजनं घेतली आणि दाखल्यावर लिहिलं, निर्धोक, शिवाय पौष्टिक. मामा, मला रडू आलं. तुम्ही चाळीस वर्षं हेच तर सांगत होता.

दाखला सोबत आहे. चौकट करून दारात लावा.

आपला भाचा,
सम्मेद

ता. क. बुधवारच्या बसनं आक्का तुमच्याकडं येते आहे. तिच्या डब्यात लाडू नाहीत. चाचणी संपली की उंदीर कापून आतून बघायचे असा नियम आहे. आक्का दारात मांडी घालून बसली ती सरांनी हात जोडेपर्यंत उठली नाही. बाराही जण आता जन्मभर तुमच्याकडं राहतील.

ता. क. दुसरा. त्यांना भाकरी घाला, दूध घाला, काढा मात्र दाखवू नका. काल खोदून विचारलं तेव्हा आक्का म्हणाली, "ल्हानपनी मामानं आपल्याला पाजलाय न्हवं? पारणं केलेल्या जिवाला ते कोन पाजंल? म्या रोज दूधच दिलंय, काढा मोरीत." तेव्हा मामा, दाखला खुशाल लावा, पण तो वाचून कुणी काढा मागायला आलंच, तर त्याला दूध द्या.