तळघराची पातळ भिंत

३ तारीख, सोमवार
पोचलो एकदाचे. ह्यांच्या आत्याचं घर बाई झकास आहे. हे आघाडीवर गेल्यापासून छकुलीला घेऊन एकटीनं राहायचं म्हणजे जिवाला नुसता घोर होता. आत्याबाई तोंडाने फटकळ, पण आल्या आल्या छकुलीला मांडीवर घेतलं. मग तळघर दाखवलं. गाद्या, पाण्याच्या बादल्या, कंदील, सगळं जय्यत. शेजारच्या तळघराकडची दारभर जागा पातळ विटांनी बुजवलेली, खाली घण ठेवलेला. एकाचं घर पडलं तर भिंत फोडून दुसऱ्याच्या घरातून बाहेर पडायचं, अशी गल्लीभर सोय आहे म्हणे. मला फार आवडली.

६ तारीख, गुरुवार
भर दुपारी भोंगा झाला. छकुलीला काखोटीला मारून खाली पळाले. वर विमानं घोंघावतायत आणि आत्याबाई निवांत विणतायत. मी छकुलीला गाणी म्हटली. मध्येच भिंतीवर टकटक झाली. शेजाऱ्यांची सोबत आहे म्हणून बरं वाटलं, मीही उलट वाजवलं. आत्याबाईंनी माझा हात असा खेचला की मनगट अजून ठणकतंय.

७ तारीख, शुक्रवार
शेजारी जाऊन पाहिलं. घर नाहीच. ढिगारा, त्यावर गवत. दूधवाला म्हणाला, गेल्या वर्षी पडलं, नवराबायको आणि तान्हं बाळ तळघरातच अडकले.
आत्याबाईंना खोदून विचारलं तर रडल्या. पलीकडून ठोकत होते, पण तिकडे लागलेली आग इकडे येईल म्हणून त्यांनी घण उचललाच नाही. संताप आला. मग वाटलं, छकुली कुशीत असती तर मी तरी उचलला असता का?

१० तारीख
आता भोंग्याआधीच टकटक सुरू होते. छकुली भिंतीला कान लावून बसते. म्हणते, तिकडच्या काकू बोलावतात, त्यांच्या बाळाशी खेळायला कुणी नाही. एक फटका दिला तिला. मग मीच रडत बसले. निघून जावं — पण जाऊ कुठे?

१२ तारीख
बॉम्ब आमच्यावरच पडला. जिना गेला. आत्याबाई त्याखाली — हाका मारल्या, ओ नाही. लिहिते आहे म्हणून शुद्धीवर आहे. धुरळा. छकुलीला श्वास घेववत नाही. घण हातात आहे, उचलायला धीर —

तिकडूनच फोडतायत. वीट निघाली. गार हवा. छकुलीचा खोकला थांबला. बाई बोलतेय, अगदी मायेनं. आधी लेकरू द्या म्हणते.

नाही म्हटलं.

बरं म्हणाली. वीट परत लावतेय. छकुलीचे ओठ निळे — देते म्हणाले, देते. नीट धरा म्हणाले, अंधाराला घाबरते ती, तिचा हात —