लेकीचं स्थळ आणि लिलावातला तंबू

२ मार्च १९४७, रविवार. सांगली
तंबू आला. पुण्याच्या मिलिटरी लिलावातला. अस्सल, ऑफिसरांचा. दोन भोकं आहेत, पण ती हवेसाठी ठेवलेली असावीत. एक खांब कमी. हिने विचारलं, ह्यात कोण मेलं हुतं? अडाणीपणाला औषध नाही.
पाच वर्षं सप्लाय डेपोत कारकुनी केली. कप्तानसाहेबांच्या हाताखाली कॅम्प-लाइफ शिकलो. ते काय सांगलीत हळदीच्या पोत्यांवर बसून सडवायला? आजपासून निश्चय: पहाटे पाचला उठणे. गार पाण्याने आंघोळ. रागावणे बंद.

३ मार्च
साडेसातला उठलो. पाणी आधीच तापलेलं होतं, वाया कशाला घालवा. हिच्यावर रागावलो, पण त्याला कारण होतं.

५ मार्च
बाळगोंडा पाटील आमच्या चंदनबालेला बघायला तयार! नदीपलीकडचं घर, मोठी शेती, ऊस, मळा. मुलगा भूपाल, मॅट्रिक पास. आपल्या जैनांत असलं स्थळ दिवा घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही.
चंदनला एकोणिसावं लागलं. आधीची दोन स्थळं मोडली, त्यात माझा काडीचाही दोष नाही. पहिल्या व्याह्यांना मी फक्त डेपोचा कारभार समजावून सांगितला. तीन तास. ऐकून घ्यायलाही पात्रता लागते. दुसऱ्या मुलाला म्हणालो, छाती पुढे काढून अंगणात जरा चालून दाखव, तर त्याच्या बापाला राग. ही म्हणते, आवं, ह्ये शेवटचं स्थळ. ह्ये गेलं तर पोरीनं दीक्षाच घ्यायची. बायका फार ताणतात.

७ मार्च
कल्पना सुचली! पाटील मंडळी सोळा तारखेला दहीगावच्या देवदर्शनाहून म्हसवडमार्गे परतणार. म्हसवडजवळ सरकारी तलाव आहे. पाणी, बाभळी, मोकळा वारा. तिथे कॅम्प टाकायचा आणि मुलगी तिथेच दाखवायची! घरात पोहे देऊन काय, कुणीही दाखवतं.
भाऊसो आला होता. भाऊसो म्हणजे हिचा भाऊ. किराणा दुकान, अक्कलही तेवढीच, पुडीत मावेल इतकी. म्हणाला, दाजी, पोरीचं लगीन ठरवायचंय का सर्कस लावायचीय? मी रागावलो नाही. फक्त चहाला थांब म्हणालो नाही.
चंदनचे डोळे लाल होते. मिरच्या कांडल्या असतील.

९ मार्च
पाटलांना निरोप धाडला. उलट निरोप आला: बरं. एवढाच शब्द, पण त्यात उत्साह दिसतो.

१४ मार्च. तलाव
पोचलो. मी, ही, चंदन आणि भाऊसो (बोलावलेलं नसताना). जागा मी निवडली. उंचवटा, पाण्याकडे तोंड. उंचवट्यावर नेमक्या मुंग्या निघाल्या. लाल. कप्तानसाहेबांची पद्धत वापरली: बिळात रॉकेल ओतलं, काडी लावली. साफ. ही किंचाळली, आवं, जैनाच्या पोटी जन्मलाय न्हवं? आन् रेशनचं रॉकेल त्ये! दोन्ही मुद्दे एकदम काढते, त्यामुळे धड एकाचंही उत्तर देता येत नाही. चंदन तिथे पाणी शिंपडत बसली. वाचल्या असतील चार-दोन.
ज्ञानू म्हणून एक धनगर मेंढरं सोडून तमाशा बघत उभा होता. म्हणाला, सायेब, पाव्हणं येनार म्हनं, बकरं कापू काय? लय ग्वाड हाय. हाकलून दिला. पाहुणे येतील तेव्हा हा नजरेला पडता कामा नये.

१५ मार्च
रंगीत तालीम. तंबू पडला. हिच्या अंगावर. खांब कमी असल्याचा परिणाम. शेवटी ज्ञानूने स्वतःची काठी खांबाला दिली. काम झालं की परत द्या म्हणतो. कोत्या मनाचा माणूस.
उद्याचा प्रोग्रॅम तोंडपाठ करून घेतला. हिच्या दोन चुका, चंदनच्या तीन. डिसिप्लिन नावाला नाही.

१७ मार्च, सकाळी
काल. एकंदरीत यशस्वी.
तीनला यायची सर्व्हिस मोटर पाचला आली. बाळगोंडा पाटील, पाटलीणबाई आणि भूपाल. तिघेही धुळीने माखलेले. पाटलांना तहान लागली होती. मी लष्करी गोळी टाकलेलं पाणी पुढे केलं. तांब्या ओठाला लावणार तेवढ्यात माहिती दिली, की पाटील, ह्या एका गोळीने पाण्यातले लाखो जंतू जागच्या जागी ठार होतात! पाटलांनी तांब्या खाली ठेवला. तहान नसावी. तेवढ्यात चंदन मधेच घुसली. घरचं फडकं लावून साधं पाणी गाळून दिलं, आणि फडक्यात राहिलेले बारीक जीव परत तळ्यात सोडून आली. ते पाणी पाटील तीन तांबे प्यायले. माझ्या लेक्चरचा विचका झाला तो झालाच.
मग मुलगी दाखवायची, पण त्याआधी मी तंबू दाखवला. खुंटी कशी ठोकतात, दोर कसा ताणतात. भूपालला एक खुंटी ठोकायला लावली. पाटील म्हणाले, दिस कलला, जेवन उरकूया. दिवस मावळल्यावर आपल्यात कुणी तोंडात घास घालत नाही, हे मला काय ठाऊक नाही? पण चूल मी कप्तानी पद्धतीची केली होती, चर खणून. वाऱ्याने ऐन वेळी दिशा बदलली. सगळा धूर तंबूत, जाळ कुठेच नाही. ही म्हणाली, आवं, तीन दगड मांडू द्या, घटकेत भात करते. मी म्हणालो, तीन दगडांवर करायचं होतं तर घरीच नसतो का राहिलो?
भात शिजला तेव्हा सूर्य टेकडीला टेकला होता. पत्रावळी मांडल्या तेव्हा बुडाला. पाटलांनी अन्नाला हात जोडले आणि उठले. मागोमाग पाटलीणबाई. मागोमाग भूपाल. तिघांच्याही पोटात सकाळपासून काही नव्हतं म्हणे. मी म्हणालो, पाटील, कॅम्पवर एवढं चालतं हो! कुणी हसलं नाही. माझी ही तोंडाला पदर लावून तंबूमागे गेली. मी जेवलो. अन्न टाकणं हीसुद्धा हिंसाच.
आता अंधारात मुलगी दिसणार कशी? पेट्रोमॅक्स लावली. काय तो उजेड! तळ्याकाठची झाडून सगळी पाखरं आली. तडतड तडतड. पाटलांच्या मांडीवर, पाटलीणबाईंच्या पदरावर जळक्या पंखांचा नुसता खच. पाटील डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणू लागले. मला वाटलं, प्रसन्न झाले. मी ओरडून सांगत होतो की ऑफिसर-मेसमध्ये अश्शीच बत्ती असायची, इतक्यात चंदन उठली आणि तिने बत्ती विझवली.
पाहुण्यांसमोर! बापाची काही पत? त्या अंधारात मी तिला चांगलं फैलावर घेतलं. म्हणालो, एकोणीस वर्षं पोसली, कुणी न्यायला तयार नाही, आणि वर हा माज! स्पष्ट बोललेलं बरं असतं. चंदन खाली बसून चाचपडत अर्धमेली पाखरं ओंजळीत गोळा करायला लागली. भूपालही उठला आणि तिच्या जोडीने ती बाभळीखाली नेऊन ठेवू लागला. मुलगा जरा बावळट वाटतो.
उजाडताच मंडळी गेली. घाई होती. चहाला थांबा म्हणालो, तर पाटलीणबाई म्हणाल्या, नगं, तुमच्या हातचं काई नगं. फार संकोची माणसं.

१८ मार्च
घर. कुणी माझ्याशी बोलत नाही. प्रवासाचा शीण.

२१ मार्च
पसंत!! मुलगी पसंत! भाऊसोच्या दुकानात पाटलांचा माणूस येऊन गेला. म्हणाला, पोरगी आमची झाली, पुढचं बोलणं बाईंशी आणि त्यांच्या भावाशी करू. मोठी माणसं घरच्या कर्त्याला बारीकसारीक गोष्टींत अडकवत नाहीत. कॅम्पचा विजय! ही देवापुढे बसून रडली. मी म्हणालो, बघितलंस? ती म्हणाली, बघितलं.

४ एप्रिल
मी आत गेलो की ही आणि भाऊसो बोलायचे थांबतात. माझ्या सत्काराचं काहीतरी चाललेलं असावं. आज दाराबाहेरून कानावर पडलं: मांडवात नकोत, येवढी एकच अट हाय त्यांची. काय नकोत? पेट्रोमॅक्स असणार. पाटील जुन्या वळणाचे. ठीक आहे, एवढं सोडू. माणसाने ताठर असू नये.

१ मे
लग्न अकरा तारखेला, रविवारी. आणि कुठे? तळ्याकाठी! हिने स्वतः सांगितलं, पाटलांनाच जागा मनात भरली म्हणे. मला मुळीच नवल वाटलं नाही. ही खाली बघत म्हणाली, तुमी पुढं जाऊन तंबू मारा, आमी वऱ्हाड घिऊन येतो. चोवीस वर्षांच्या संसारात हिने पहिल्यांदा माझा सल्ला मानला. भाऊसोने माझी वळकटी बांधून दिली. गाडीभाडंही त्यानेच दिलं. सुधारतो आहे.

६ मे
निघालो. चंदन पाया पडली, ती उठेचना. पाय धरून बसली. म्हणाली, अण्णा, मी येऊ का तुमच्यासंगं? मी म्हणालो, पाय सोड, खुळी का तू, नवरीने पाच दिवस आधी येऊन काय खुंट्या ठोकायच्या? भाऊसोने तिला उठवून आत नेलं. आतून हुंदके ऐकू येत होते. मुली लग्नाआधी रडतातच. मोटर चुकेल म्हणून मी थांबलो नाही.

८ मे. तलाव
तळं आटलंय. पाणी पार लांब गेलं, मधे सगळा भेगाळलेला चिखल. तंबू मात्र ठरल्या जागी मारला. उंचवट्यावर पुन्हा मुंग्या. रॉकेलचा डबा बाहेर काढला, मग म्हटलं पाटील चौकशी करतील. तंबू दोन हात सरकवला. ज्ञानूकडे पुन्हा काठी मागितली. दिली. फार हसत होता.

१० मे
मांडव घातला. आंब्याचे डहाळे ह्या कोरड्या माणमुलखात मिळत नाहीत, बाभळीचेच लावले. काटे काढून. हात सोलपटले. तीन दगडांची चूल मांडली (हिला सांगायचं नाही). पाणी फडक्याने गाळून ठेवलं. उद्या पाटलांनी नाव ठेवायला जागा राहता कामा नये. भाषणही तयार आहे. छोटं. चंदनला बत्तीबद्दल माफ केलं, असं शेवटी जाहीर करणार. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल.

११ मे, रविवार
पाचला उठलो. खरोखर पाचला. गार पाण्याने आंघोळ. कोट, फेटा.
दहाची मोटर थांबली नाही. मुहूर्त दुपारचा असावा.
दुपारची मोटर थांबली. एक म्हातारी उतरली, कोंबडी घेऊन.
दिवस असतानाच भात-आमटी केली. वेळेत! पाटलांना दाखवायला हवी होती. ज्ञानूची बायको तानुबाई येऊन मांडवात बसली आणि म्हणाली, आवं, नवरा न्हाई, नवरी न्हाई, तुमी काय बाभळीसंगं लगीन लावताय व्हय? हाकलून दिली. मग परत बोलावली आणि तिला भात दिला, कारण उरला असता.
पेट्रोलची टंचाई आहे. वऱ्हाड वाटेत अडकलं असेल. उद्या नक्की.

१२ मे
दिवसभर रस्त्यावर उभा होतो.
सूर्य बुडाल्यावर ज्ञानू आला. हातात पितळी डबा, आमच्या घरचा. मोटरच्या ड्रायव्हरने दिला म्हणे. वाटेत टायर फुटलं म्हणून उशीर झाला. आत बुंदीचे लाडू. ड्रायव्हरने ज्ञानूला सांगितलं, ज्ञानूने मला: काल सांगलीत लगीन लय झ्याक झालं. पाचशे पान उठलं. मामानं कन्यादान केलं. नवरीनं सोता डबा आणून दिला आन् म्हनाली, अण्णांना म्हनावं दिस हाय तवर खावा.
ज्ञानूने विचारलं, सायेब, कुनाचं लगीन हुतं?
ओळखीच्यांचं, असं सांगितलं.
पेट्रोमॅक्स नव्हे. मीच नको होतो. एवढी एकच अट, आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. माझ्या लेकीलाही. आणि मी तिला पाय सोड म्हणालो.
लाडू खाल्ला नाही. दिवस मावळला होता.

१३ मे, सकाळी
डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं. लाल मुंग्या लागल्या. उंचवट्यावरून सरळ रांग, मांडवातून, तंबूत, डब्यापर्यंत. रॉकेल हाताशीच होतं. बाजूला ठेवलं. एकेक दाणा तोंडात धरून चालल्या आहेत, मी जवळ बसून बघतो आहे.
मांडवात जेवायला आलेत ते एवढेच. होऊ दे त्यांचं पोटभर, मग तंबू काढीन. ज्ञानूची काठी परत द्यायची आहे.