उजव्या गुडघ्यासाठी

वेको, टेक्सस
८ नोव्हेंबर १९८७

प्रिय व्हर्लिनमामा,

नाताळच्या कार्डाऐवजी माझं जाड पाकीट पाहून तुम्ही दचकाल, म्हणून आधीच सांगते, बाबा हयात आहेत. मीही बरी आहे. शाळेत यंदा इतिहासाचे दोन वर्ग जास्त आलेत. मागच्या अंगणातल्या पिकानच्या झाडाला खूप फळ धरलंय आणि वेचणारी मी एकटी. तुमची पाठ कशी आहे? वर्कशॉप अजून तुम्हीच उघडता, की ते आता कुणाच्या हाती दिलंत?

बाबांच्या पायाचं दुखणं तुमच्या कानावर आलंय की नाही, मला ठाऊक नाही. साखर वाढलेली असते. त्याबद्दल पुढे लिहीन.

रविवारी त्यांची स्टील गिटार पुसायला घेतली. आडवी ठेवलेली, चार पायांवर उभी, तीच. खालची धूळ काढायला मी जमिनीवर पाठ टेकून झोपले आणि तुमचं काम पहिल्यांदा नीट पाहिलं. ट्रकच्या भंगारातून कापलेली दोन पेडलं, सायकलच्या ब्रेकच्या तारा, आणि विहिरी खोदण्याच्या यंत्राचे असावेत असे दांडे. एकही जोड ढिला नाही.

तो हिवाळा मला आठवतो. मी सात वर्षांची होते. स्वयंपाकघरातलं टेबल तुम्ही दोघांनी अडवलं होतं आणि आई घेवड्याचं भांडं हातात धरून विचारायची, घेवडा वाढू की नटबोल्ट वाढू. बाबा पेडल दाबायचे, मान हलवायचे, तुम्ही पुन्हा खाली शिरायचात. तोवर गिटारवरचा लोखंडी तुकडा सरकवला की सगळ्या तारांचे सूर एकदम वर जायचे, एकदम खाली यायचे. मग एका शनिवारी नृत्यघरात बाबांनी पेडल दाबलं, तेव्हा एक सूर जागच्या जागी राहिला आणि बाकीचे दोन त्याला घासून वर गेले. नाचणारी जोडपी थांबली. तुम्ही दाराशी खिशात हात घालून उभे होतात, आणि हसू लपवायला टोपी पुढे ओढलीत.

मग गावोगावचे वादक यायला लागले. बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने वाकून पाहायचे. म्हणून आईने पेडलांपुढे जुना टेबलक्लॉथ टांगला.

तो कापडाचा पडदा बाबांनी स्वतः उचलला, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. कॅलिफोर्नियाचा एक गिटार बनवणारा आला, त्याने बाबांना बिअर पाजली, गोड बोलला, आणि बाबांनी त्याला खालचं सगळं दाखवलं. पुढच्या वर्षी त्याच्या कारखान्यातल्या गिटारीखाली तुमचीच रचना होती, आणि वर त्याचं नाव. तुम्ही आमच्या ओसरीवर बाबांना फक्त एवढंच म्हणालात, "पडदा तुझ्या हातात होता, डेल्मर." त्यानंतर तुम्ही या घरात आला नाहीत. आईच्या दफनाला आलात, तेही मागे उभे राहून परत गेलात.

बाबांची बाजू मांडायला मी हे लिहीत नाही. चूक त्यांचीच होती. लिहिताना मी स्वतःला सारखी विचारतेय, की मी मामाला खबर देतेय, की त्यांच्याकडून काही काढून घ्यायला बसलेय? खरं सांगायचं तर दुसरंच.

ऑगस्टमध्ये बाबांचा डावा पाय काढला. पेडलांचा पाय. गुडघा वाचेल असं आधी सांगितलं होतं, वाचला नाही.

दोन महिने ते गिटारकडे पाठ करून बसले. नवे वादक गुडघ्याने ढकलायच्या पट्ट्या वापरतात, त्यांची त्यांनी आयुष्यभर टर उडवली. कुणी तसं वाजवायला लागला की म्हणायचे, याला बाथरूमला जायचंय, कुणीतरी जाऊ द्या. तेच बाबा गेल्या आठवड्यात जेवताना ताटात बघत म्हणाले, "उजवा गुडघा रिकामाच असतो गं. डावी-उजवीकडे हलतो."

मी त्यांना आणखी घेवडा वाढला.

"दोन पेडलांऐवजी दोन पट्ट्या," ते म्हणाले. "एक आत ढकलायची, एक बाहेर. उजवं पाऊल आवाज कमी-जास्त करायच्या पेडलवर राहील तसंच. आमच्या मेहुणबुवांना विचार जमेल का ते. मी विचारलंय म्हणून सांगू नकोस."

सांगितलं. मोडला मी त्यांचा शब्द.

तुम्हाला लिहिण्याआधी या पट्ट्यांसाठी डॅलसहून एक दुरुस्तीवाला बोलावला होता. पोरगा मन लावून काम करणारा होता. बराच वेळ खाली पडून राहिला, मग बाहेर येऊन म्हणाला, बाई, ज्याने हे केलं तो जिवंत असेल तर त्यालाच बोलवा, मी एक दांडा काढला तर सगळंच बिघडेल. बाबा खुर्चीतून म्हणाले, "जिवंत आहे. हट्टी माणसं मरत नाहीत." बऱ्याच दिवसांनी ते हसले, म्हणून तुम्हाला कळवते. रागावू नका.

आता जे लिहायचं टाळतेय ते. उजव्या पायाचा अंगठा काळा पडायला लागलाय. सोमवारी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की तोही पाय फार तर वसंतापर्यंत राहील. बाबांना अजून सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, तुम्ही सांगा. मी हो म्हटलं आणि घरी येऊन बटाटे सोलत बसले. रोज ते गुडघा हलवून दाखवतात, बघ, अजून चपळ आहे. मी बघते.

त्यांना अंधारात ठेवून तुम्हाला कामाला लावणं बरोबर आहे का, मला ठरवता येत नाही. बरोबर नसेलही. पण सांगितलं तर ते मागणारच नाहीत, आणि इतक्या वर्षांत त्यांनी तुमच्याकडे काही मागितलंय ते हे पहिलं.

तुम्ही नाही म्हणालात तर मी समजेन. त्यांना सांगेन, पत्र पोचलं नसावं.

पण करणार असाल तर स्वतः या, गुडघ्याचं माप पत्राने पाठवता येत नाही, आणि घडवायला महिने लागतील असं काही करू नका. पोलाद नको. लाकूड चालेल, तार चालेल, वाकलं तरी चालेल. मामा, तात्पुरतं काम तुमच्या हातून झालेलं मी कधी पाहिलं नाही. या वेळी तेवढं करा.

तुमच्या बहिणीची मुलगी,
नॅडीन