छत्रीला पाया

रविवार, २ मार्च

बाबांना दवाखान्यातून घरी आणलं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांचं म्हणणं: सहा आठवडे काळा चष्मा, धूळ नको, उन्हाची तिरीप नको. बाबांचं म्हणणं: रोज आठ ते दहा अंगणात बसणार. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाला भिंती बाहेरूनच बघायला आवडतात.

काळजी नाही. ऑफिसात पंचवीस वर्षं झाली म्हणून मला भली मोठी बागेतली छत्री मिळाली आहे. आठ फुटी दांडा. बेस मिळाला नाही. विमा कंपनी आहे, काहीतरी वगळणारच. मीही तिथे क्लेम तपासतो, त्यामुळे समजू शकतो.

बायको म्हणाली, तयार बेस दुकानात मिळतो. गवंड्याच्या मुलानं पाया विकत आणायचा?  मी नुसतं तिच्याकडे पाहिलं.

सोमवार, ३ मार्च. संध्याकाळी ६

रंगाच्या रिकाम्या बादलीत वाळू भरून छत्री रोवली. दोन बोटांनी ढकलून पाहिली. हलली नाही. अंगणाच्या बरोब्बर मधोमध ठेवली. सावली बाबांच्या खुर्चीवर अशी पडली, जणू मापून शिवलीय.

बायको म्हणते, सकाळी ती छत्री फाटकाकडे ओढून घेईन. का, ते विचारलं नाही. घरातल्या वस्तू हलवण्याची तिला आवडच आहे.

मंगळवार, ४ मार्च. ऑफिस, १०.१५

सव्वानऊला बायकोचा फोन आला.

नऊच्या सुमारास वारा सुटला. छत्री बादलीसकट उलटली आणि दांडा बाबांच्या खुर्चीवर आडवा पडला. खुर्चीचा हात तुटला. एकच मिनिट आधी बाबा आत गेले होते, शेजारच्या नर्सबाई डोळ्यांत थेंब घालायला आल्या म्हणून. एक मिनिट.

साडेनऊला ताईचा फोन. तिला कुणी सांगितलं, याची चौकशी नंतर करीन. ती म्हणाली, तिच्याकडे व्हरांडा आहे, छप्पर आहे, आणि अक्कलही आहे. १६ तारखेला येणार. तोवर बाबांना बाहेर धड बसता येईल अशी सोय झाली नसेल तर त्यांना कायमचं घेऊन जाणार.

कायमचं, असं दोनदा म्हणाली.

मंगळवार, रात्री

हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. बाबा गेले तर मला करमणार नाही. आम्ही एकमेकांशी फारसं बोलत नाही हे खरं. पण संध्याकाळी घरी आल्यावर ते खोलीतून खाकरतात, तेवढ्यावर माझा दिवस संपतो.

बुधवार, ५ मार्च

बादली ही चूक नव्हती, ती ट्रायल होती. आता खरा पाया: काँक्रीटचा.

संकल्प:
एक. अकरा दिवसांत बेस उभा.
दोन. सगळं स्वतः.
तीन. बाबांना कळू द्यायचं नाही. सरप्राइज.

रात्री सात व्हिडिओ पाहिले. प्रत्येकात माणूस हसत हसत बेस करतो आणि शेवटी त्यावर उभा राहतो. मधलं सगळं फास्ट फॉरवर्ड आहे, म्हणजे फार काही नसणार. बायको म्हणाली, काखेत कळसा नि गावाला वळसा. घरात गवंडी बसलाय, त्याला विचारा. तिला समजावलं की बाबांचा काळ वेगळा. शिवाय विचारलं तर ते करून घेतील, आणि मग ते माझं कसं?

बाबा आयुष्यभर कामावर सर्वांत मोठी शाबासकी कोणती द्यायचे, तर, बरं झालंय. हाताखालच्या माणसांना ती मिळायची. मला अजून मिळालेली नाही. शाळेत असताना एकदा विटांचा कट्टा रचला होता. त्यांनी तो पायानं हलवून पाहिला. हलला. तेव्हापासून मी ऑफिस लाइनला.

शुक्रवार, ७ मार्च

खरेदी पूर्ण. सिमेंट, वाळू, खडी, प्लास्टिकचा पाइप, खाली अंथरायला जाड प्लास्टिक. साचा म्हणून गाडीचा जुना टायर: फुकट आणि गोल. हार्डवेअरवाल्यानं विचारलं, कोण करणार? मी म्हटलं, मीच. त्यानं गिऱ्हाइकाला पाहतात तसं न पाहता पेशंटला पाहतात तसं पाहिलं.

शनिवार, ८ मार्च. सकाळी ७

आज ओतायचं. कॉन्फिडन्स भरपूर.

एकच अडचण: धूळ. बाबांची खिडकी अंगणात उघडते. सिमेंट डोळ्यांत गेलं तर ताई मला जिवंत ठेवणार नाही. जाड प्लास्टिक खिडकीला बाहेरून चारी बाजूंनी ठोकून टाकलं. आत धूळ नाही, वारा नाही, आणि सरप्राइजही फुटणार नाही. एका दगडात तीन पक्षी.

बाबांनी आतून विचारलं, काय चाललंय. मी म्हटलं, काही नाही, तुम्ही पडा.

शनिवार, दुपारी १

झालं! टायर फरशीवर ठेवला, मधे पाइप उभा केला, कालवलं, ओतलं. सुरुवातीला फावडं हलेना. पाणी वाढवलं. मग थोडं आणखी. पिठल्यासारखं झाल्यावर भराभर काम झालं. व्हिडिओत पाणी इतकं सढळ नव्हतं, पण ती माणसं रोज व्यायाम करत असतील.

पाइप सरळ आहे की नाही ते फोनच्या लेव्हलवर तपासलं. फोन पाइपला पाठीवर टेकवला. शून्य अंश. बाबांच्या पिशवीत ओळंबा होता. दोरीला बांधलेलं एक वजन. त्यावर विसंबायचे दिवस गेले.

बाबा दारापर्यंत आले होते. धुळीचं कारण सांगून परत पाठवलं. त्यांनी नाक वर करून वास घेतला आणि म्हणाले, पाणी जास्त झालंय. वासावरून! ऑपरेशननंतर माणसं हळवी होतात.

रविवार, ९ मार्च

टायरखालून राखाडी पाणी झिरपून फरशीवर वाळलंय. जास्तीचं निघून गेलं, चांगलंच झालं.

ताईचा फोन. मी म्हटलं, काम नव्वद टक्के पूर्ण. तिनं उरलेल्या दहा टक्क्यांत काय आहे ते विचारलं. मी म्हटलं, वाळणं.

बुधवार, १२ मार्च. संध्याकाळी

लवकर आलो तर बाबा खोलीत नाहीत. प्लास्टिकनं झाकलेली अंधारी खोली, पलंगावर घडी घातलेली चादर. वाटलं, ताई आधीच येऊन घेऊन गेली.

बाबा भिंतीपलीकडे नर्सबाईंच्या अंगणात होते. काळा चष्मा लावून, छपराखाली लांब बसून हुकूम सोडत होते. नर्सबाईंचा कपडे वाळत घालायच्या दोरीचा खांब हलतो; त्यांनी बाबांना विचारलं, काका, याला पाया कसा करू? एवढंच विचारलं. बाई रात्रपाळी करून येतात, तरी दुपारी उठून खड्डा खणत होत्या. सिमेंटची पिशवी फोडायच्या आधी बाबांनी सगळीकडे पाणी शिंपडायला लावलं. त्यामुळे धूळ उडाली नाही. मग ओळंबा. मग काठीनं मिश्रण टोचत टोचत भरायला लावलं.

मी भिंतीवरून पाहिलं. मिश्रणात पाणी कमी वाटलं. बोललो नाही. दुसऱ्याच्या कामात आपण नाक खुपसू नये.

परत येताना बाबा मोठ्यानं बोलत होते. गेल्या वर्षभरात त्यांचा एवढा आवाज ऐकला नव्हता. रात्री जेवताना विचारलं, कसा झाला खांब? म्हणाले, बरं झालंय.

नर्सबाईंना! पहिल्याच पायाला!

शनिवार, १५ मार्च. संध्याकाळी ५.३०

अनावरण. छत्री पाइपात बसवली. किंचित तिरकी आहे. किंचित म्हणजे बायकोला फाटकातून दिसली इतकी. फोन तपासला: पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा आहे, त्यामुळे तो जिथे टेकवू तिथे आधीच तिरका बसतो. बेसमध्ये दोष नाही, फोनमध्ये आहे. शिवाय अंगणालाच उतार असावा. यावर बायकोनं एक म्हण ऐकवली. ती सगळ्यांना माहीत आहे, इथे लिहीत नाही.

पण वारा! साडेपाचला चांगलाच वारा होता, छत्री ढिम्म हलली नाही. दोन्ही हातांनी ढकलली, नाही. खांद्यानं ढकलली, नाही. सावली थेट खुर्चीवर. उद्या आठ वाजता बाबांना हाताला धरून आणून बसवणार. अकराला ताई येणार आणि पाहणार.

आज झोप लागेल असं वाटत नाही. आनंदानं.

रविवार, १६ मार्च. सकाळी ८.०५

बाबांना आणून बसवलं.

सावली खुर्चीवर नाही.

८.१५

सावली कुठे आहे ते सापडलं. भिंतीपलीकडे, नर्सबाईंच्या अंगणात, त्यांच्या नव्या खांबाशेजारी. गोल, गार, सुंदर सावली. मी रोज पावणेआठला ऑफिसला निघतो आणि सहाला येतो. माझ्या सगळ्या टेस्ट संध्याकाळच्या. सकाळी सूर्य समोरून, फाटकाच्या बाजूनं येतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लक्षात नव्हतं.

बायकोला माहीत होतं. म्हणून ती छत्री फाटकाकडे ओढणार होती.

बाबांच्या चष्म्यावर ऊन चमकतंय. डोळा पुसताहेत.

८.२०

घाबरायचं कारण नाही. बेस फाटकाकडे सरकवायचा. दहा फूट. बास.

८.४५

सरकत नाही. मी आणि बायको. सरकत नाही. पहार घातली. पहार वाकली.

८.५०

आठवलं. टायरखाली प्लास्टिक अंथरायचं होतं. काँक्रीट फरशीला धरू नये म्हणून. प्लास्टिक बाबांच्या खिडकीला आहे. आत्ता वाऱ्यानं फडफडतंय, मला ऐकू येतंय.

काल ढकलून हललं नाही, त्याचं कारण हे.

८.५५

नर्सबाईंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, काका, इकडे येता का, सावली आहे? बाबा उठले. काठी टेकत फाटकातून गेले. मी आपली खुर्ची भिंतीवरून पलीकडे दिली. दुसरं काय करणार?

रविवार, रात्री

अकराला ताई आली. पहिलं वाक्य: बाबा कुठे? मी बोट दाखवलं. माझ्या छत्रीच्या सावलीत, दुसऱ्यांच्या घरी. सावली एव्हाना भिंतीच्या अलीकडे यायला निघाली होती. बाबा तिच्यामागून खुर्ची सरकवून सरकवून भिंतीला टेकले होते.

ताई हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, बॅग भरते. बायको तिच्या मागे आत गेली. मी अंगणात बेसवर बसून राहिलो. बसायला मात्र तो उत्तम आहे.

मग बाबा आले. ताईला म्हणाले, नर्सबाईंच्या खांबाला बुधवारपर्यंत पाणी मारायचंय. काम अर्धं टाकून मी जात नाही. ताई म्हणाली, मग बुधवारी येते. निघताना तिनं मला फाटकापाशी बाजूला घेतलं. बाबा तिला फोनवर म्हणाले होते म्हणे: घरात पाया घालताहेत आणि मला खिडकी ठोकून आत ठेवलंय. एकदाही विचारलं नाही.

मी धुळीचं सांगितलं. ताई म्हणाली, धूळ होतीच रे, विचारणं नव्हतं.

सोमवार, १७ मार्च

ऑफिसला गेलो नाही. खिडकीचं प्लास्टिक काढलं. बाबा आतून बघत होते. चष्म्यामुळे कळत नाही कुठे बघतात.

विचारायचं ठरवलं. चहा दिला तेव्हा विचारणार होतो. मग वाटलं, जेवणानंतर. जेवणानंतर ते झोपले.

मंगळवार, १८ मार्च

आज नक्की. (काल रविवारचा थकवा होता.)

रात्री: नाही जमलं. तोंड उघडलं आणि विचारलं, थेंब घातले का? घातले होते.

बुधवार, १९ मार्च. सकाळी ७.३०

ताई दहाला येतेय. बाबांची बॅग दाराशी आहे. त्यांनी स्वतः भरली. वर ओळंब्याची पिशवी ठेवलीय. म्हणजे परत यायचा विचार नाही.

८.१०

विचारलं.

अंगणात, बेसपाशी. म्हटलं, बाबा, याचं काय करायचं?

 त्यांनी बेसभोवती दोन फेऱ्या मारल्या. काठीनं तीन ठिकाणी ठोकून आवाज ऐकला. वाकून बोट फिरवलं. बोटाला सिमेंटचं पीठ आलं. पायानं हलवून पाहिला. हलला नाही. मग म्हणाले, विचारलंस ते बरं केलंस. घण आण.

९.००

ताईला फोन बाबांनीच केला. आधी हे फोडायचं, मग फाटकापाशी नवं ओतायचं, मग दहा दिवस पाणी मारायचं. पोराला एकट्याला जमणार नाही. त्यानंतर बघू. ताई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. बाबांनी बॅग आत नेली. ओळंब्याची पिशवी बाहेरच ठेवली.

तेव्हा निष्कर्ष: माझ्या बेसमुळे बाबा राहिले. हे नाकारता येणार नाही. आणि शब्द ‘बरं’ हाच होता. नर्सबाईंनी भिंतीपलीकडून ऐकलाय, लागल्यास साक्षीदार आहेत.

९.१०

घण मागायला हार्डवेअरवाल्याकडे निघालो. बायकोनं थांबवलं. घण स्वयंपाकघराच्या दाराआड आहे. तिनं तो आठ तारखेलाच आणून ठेवला होता, मी पाणी वाढवत होतो तेव्हा.